खोबऱ्याच्या तीन फांद्या

मला कुणी 'झाडांचा डॉक्टर' म्हटलं की माझं डोकं फिरतं. डॉक्टरकडे आजारी माणूस स्वतः येतो, निदान त्याला कुणीतरी घेऊन येतं. माझ्याकडे झाड कधीच आलं नाही. यायचा तो झाडाचा मालक, आणि निम्म्या वेळा औषधाची गरज त्यालाच जास्त असायची. तेव्हा डॉक्टर वगैरे काही नाही. तुडीलला सावित्रीच्या काठी माझी कलमांची नर्सरी होती, आता ती मुलगा बघतो. पावसाळ्यात कलमं बांधायची नि विकायची, आणि दिवाळी झाली की करवत, कोयता, दोर घेऊन महाड-पोलादपूरच्या वाड्यांमधून जुने आंबे छाटत फिरायचं, हा माझा धंदा. त्यात आयुष्य गेलं. मजेत गेलं म्हणायला हरकत नाही, गुडघे सोडले तर.

गिऱ्हाइकं मात्र एकेक नग! पोलादपूरच्या एका काकांनी मुंबईतली नोकरी संपल्यावर हिमाचलची सहल केली आणि येताना सफरचंदाचं रोप आणलं. विहिरीजवळ लावलं. पानं गळायला लागली तशी मला बोलावणं आलं. मी म्हटलं, "काका, ह्याला थंडी लागते. आपल्याकडची थंडी म्हणजे सकाळी तासभर मफलर." काकांना ते पटलं, पण भलत्याच अर्थानं. पुढच्या खेपेला गेलो तर मुळाशी बर्फाचा ढीग. महाडच्या मासळीबाजारातून आणलेला! झाड काही जगलं नाही, पण आळीतली सगळी मांजरं महिनाभर तिथे मुक्कामाला होती. तरी काका हरले नाहीत. मला म्हणाले, "भाऊ, ह्याचं आंब्यावर कलम होईल का?" मी नुसते हात जोडले.

महाडातल्या एका गृहस्थांनी आंब्याला दृष्ट लागू नये म्हणून इतक्या जुन्या चपला टांगल्या होत्या की आधी वाटलं हा चांभाराचाच आंबा. दृष्ट लागायला त्यावर फळ होतं कुठे! वरचा पसारा इतका दाट की आत उन्हाचा कवडसा शिरत नव्हता. मी मधल्या फांद्या काढल्या, ऊन आत शिरलं आणि पुढे आंबा धरला. श्रेय चपलांना मिळालं. माझ्या नावानं फक्त चहा.

असे किस्से पुष्कळ आहेत, पण दिवाळी अंकात सगळे सांगत बसलो तर फराळ आंबून जाईल. मला सांगायचंय ते कापड्याच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीतल्या झाडाबद्दल. नव्वदचं दशक संपत आलं होतं त्या सुमाराची गोष्ट. वाडीचं नाव मुद्दामच लिहीत नाही, माणसं अजून आहेत आणि मला तिकडे अजून जेवायला बोलावतात.

श्रावणातला दिवस होता. पाऊस झोडपत होता. नर्सरीच्या पडवीत एक बाई येऊन उभी राहिली, पन्नाशीच्या आसपासची, डोक्यावर खताच्या पिशवीची खोळ. आधी तिनं खोळ झटकली, मग कमरेची प्लास्टिकची पिशवी सोडून माझ्यापुढे धरली. आत मूठभर लाकडाचा भुसा.

"भाऊ, ह्यो आमच्या आंब्यातून पडतोय. सुतारानं रंधा मारल्यासारखा. काय हाय ह्ये?"

भुसा मी बोटांवर घेतला आणि मला कळायचं ते कळलं. भिरूड. आंब्याच्या खोडात शिरणारी ही अळी, जाड, पांढरट, बोटाएवढी. सालीखाली शिरते आणि आतून बोगदे करत जाते. बाहेरून झाड हिरवं, आत पोकळ वासा. भुसा पडायला लागला म्हणजे ती आत केव्हाच संसार थाटून बसलेली असते.

"फांदी वाळायला लागलीय का?" मी विचारलं.

"अर्धी वाळली. म्हून तर आले. माझीच फांदी हाय ती."

"तुमची म्हणजे?"

तेव्हा तिनं सांगितलं. नाव पार्वती, पण वाडीत पारूच म्हणत. तिच्या सासऱ्यांनी मरायच्या आधी तिघा मुलांत सगळी वाटणी केली. घर, शेत, गुरं, भांडी. अंगणाखालच्या आंब्याला जमिनीपासून पुरुषभर उंचीवर तीन मोठ्या फांद्या फुटल्या होत्या. म्हाताऱ्यानं बोट करून सांगितलं, ही थोरल्याची, ही मधल्याची, ही धाकट्याची. आपल्या डोंगराकडच्या लोकांना यात काही नवल वाटणार नाही. जमीन एकाची, झाड दुसऱ्याचं, आणि फांदी तिसऱ्याची, असं आमच्याकडे चालतं. त्या घराचा नियम मात्र जरा कडक होता. ज्याच्या फांदीला जे लागेल ते त्याचं. आणि वाऱ्यात ज्याची फांदी मोडेल त्याचा वाटा गेला. दुसऱ्याने आपल्यातलं द्यायचं नाही, त्याने मागायचं नाही.

पारूवहिनी मधल्याची बायको. नवरा, महादेव, अकालीच गेला. मूल नाही.

"शेत मोठे भावजी कसतात," ती म्हणाली. "माझ्या वाट्याचं भात घालतात, नाय असं नाय. पन ते देतात तवा मी घेते. फांदीचे आंबे मला कुनी देत नाय, भाऊ. ते माझे हायत."

माझ्या बायकोनं तिला चहा दिला आणि माझ्याकडे असं बघितलं की 'बघतो', 'जमलं तर येतो' वगैरे बोलायची सोयच उरली नाही. दोन दिवसांनी पाऊस उघडला तसा मी एसटीने कापड्याला उतरलो आणि डोंगर चढलो.

झाड बघून मी तिथेच थबकलो. खोबऱ्या म्हणत त्याला, कारण कच्ची कैरी चावली तर ओल्या खोबऱ्यासारखी लागायची. रायवळच, म्हणजे कोयीपासून वाढलेलं, कलमाचं नव्हे. पण काय तो बुंधा! माझ्यासारख्या दोघांनी हात पसरले तरी वेढा पुरा झाला नसता. असली रायवळ झाडं माझ्या डोळ्यांदेखत किती गेली म्हणून सांगू. पेट्यांच्या फळ्यांसाठी गेली, भट्ट्यांत गेली. प्रत्येकाची चव वेगळी, ती चव परत कुठल्या कलमात मिळायची नाही. त्याचं वाईट वाटतं ते आजही वाटतं.

अंगणात थोरले धोंडूदादा बिडी ओढत बसले होते. मला पाहून त्यांना आनंद झाला नाही.

"तुमाला कुनी बोलवलं?"

"वहिनी आल्या होत्या."

"अस्सं. मग बघा. पन बघायचं काय हाय त्यात? ती फांदी मेल्यात जमा हाय. तोडा नि मोकळे व्हा. आमच्या दोन चांगल्या हायत, त्यांना हात लावू नका. नायतर त्यो फळीवाला परवा बघून गेलाय. म्हनाला, पोकळ व्हायच्या आत देऊन टाका."

पारूवहिनी ओसरीच्या खांबाला टेकून उभी होती. पदराचं टोक पिळत होती.

मी वर चढलो. महादेवाची फांदी ठोकून पाहिली तर आवाजच पोकळ. भोकांत तारेचा आकडा घातला तर हात-दोन हात आत गेला. ती फांदी वाचणार नव्हती, आणि तशीच ठेवली असती तर भिरूड बेचक्यातून अख्ख्या बुंध्यात पसरली असती. मग फळीवाल्यालाही कुणी विचारलं नसतं. पण खरी गंमत बाकीच्या दोन 'चांगल्या' फांद्यांवर होती. बांडगुळांनी त्या लगडल्या होत्या. बांडगूळ म्हणजे झाडावर वाढणारं दुसरं झाड. मुळं फांदीत घालतं आणि आयतं खातं. खालून बघणाऱ्याला सगळं हिरवंगार दिसतं. धोंडूदादा ज्याला आपल्या फांदीची तब्येत समजत होते ती निम्मी पाहुण्यांची तब्येत होती.

खाली उतरताना बुंध्याची मागची बाजू दिसली. महादेवाच्या फांदीच्या बरोबर खाली साल काळी पडून तडकली होती. शेजारीच भाताचं रोप टाकायचा वाफा.

"इथे राब कोण भाजतं?" मी विचारलं.

राब म्हणजे काय ते शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. पावसाआधी भाताच्या रोपाच्या जागेवर शेण, पालापाचोळा, झाडांची कवळं, म्हणजे तोडलेल्या कोवळ्या डहाळ्या, पसरून पेटवतात. जमीन भाजली की तण मरतं, रोप चांगलं येतं. आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय, त्यात चूक काही नाही. चूक एवढीच की तो जाळ झाडाच्या अंगाला लागता कामा नये. दर उन्हाळ्यात झळ लागून साल मेली होती, आणि मेल्या सालीतूनच भिरूड शिरते.

"मीच भाजतो," धोंडूदादा म्हणाले. "बापापासून हितंच भाजतोय. का?"

"ह्या धगीनं साल जळलीय. भिरूड इथून आत गेली."

धोंडूदादा उठून उभे राहिले. "म्हंजे मी मारली तिची फांदी? आमच्याच दारात येऊन आमालाच सांगतोस? चल, नीघ!"

मीही तापट माणूस. अंगावर आल्यावर मी ऐकून घेत नाही. म्हटलं, "निघतो. पण ऐकून ठेवा. नुसती ती फांदी तोडून भागायचं नाही. तिन्ही तोडाव्या लागतील, खाली, पार बुटक्या. तरच हे झाड नव्यानं फुटेल. नाहीतर बसा तिघंजण वाटण्या करत, झाड जाईल फळीवाल्याकडे." आणि तरातरा डोंगर उतरलो. उतरणीवर दोनदा घसरलो, ती शिव्यांची भर वेगळी.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "भांडून आलात ना? त्या बाईचं काय झालं मग?"

गणपतीत धाकटा भाऊ गोपाळ मुंबईहून घरी आला. गोदीत कामाला होता. पारूवहिनीनं त्याच्याकडूनच मला निरोप धाडला, गौरीविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी या, तिघं एकत्र हाय तवाच काय ते होऊन जाऊ दे. मी गेलो. पाऊस भुरभुरत होता. तिघं झाडाखालीच उभी होती, गोपाळच्या डोक्यावर छत्री, धोंडूदादांच्या डोक्यावर टॉवेल.

गोपाळ म्हणाला, "भाऊ, एकदम क्लिअर बोलून टाका. टेन्शन नको. मामला काय हाय?"

मी समजावून सांगितलं. म्हातारा आंबा आपली सगळी ताकद लाकूड पोसण्यात आणि उंच जाण्यात घालवतो. पानं फक्त शेंड्याला, फळ कुठेतरी आभाळात. तो खालून छाटला की सालीखाली झोपलेले डोळे जागे होतात, त्यांतून धुमारे फुटतात, म्हणजे नवे कोंब. त्यातले मोजके राखायचे. दोन-तीन वर्षं आंबा विसरायचा. मग झाड नव्या अंगानं धरतं.

"गॅरंटी?" गोपाळनं विचारलं.

"नाही. म्हातारं झाड आहे. सोसलं तर सोसलं. पण काही केलं नाही तर जाणार, याची मात्र गॅरंटी देतो."

"मग माझी चांगली फांदी मी का तोडू?" धोंडूदादा गुरगुरले. "तिची तोडा. माझी राहू दे."

"तुमची चांगली नाही, दादा. तिला बांडगुळं खातायत. आणि सगळ्यात उंच तीच. एकीकडे तोडली, दुसरीकडे तशीच ठेवली तर वाऱ्यात झाड त्याच अंगाला चिरून निघेल."

"बरं, तोडली समजा," गोपाळ म्हणाला. "मग नवीन जे फुटंल त्येचा हिसाब काय? माझ्या थोटकाला चार फुटले नि दादाच्या दोन, तर?"

"तर तुमचे चार," मी वैतागून म्हटलं.

"आनि वहिनीची तर मुळातूनच जानार ना? मग तिला काय?"

हाच तो प्रश्न. सगळ्यांना ठाऊक होता, उत्तरही ठाऊक होतं. नियम त्यांच्याच घरातला. फांदी गेली, वाटा गेला. महादेवाची फांदी पार बेचक्यापर्यंत पोखरलेली, तिचं थोटूकसुद्धा राहणार नव्हतं, मग फुटणार कशातून?

पारूवहिनी पुढे आली. बुंध्याला हात लावला आणि म्हणाली, "माझी तोडा. आदी माझी तोडा. वाटा गेला तर गेला. पन ह्ये झाड फळ्यांना जाऊ देनार नाय मी. घरात नवी होते, सासूच्या म्होरं तोंड उघडायची भीती वाटायची, तवा ह्यांनी ह्याच बेचक्यात बसून मला कैऱ्या टाकल्या होत्या. मला ह्ये उभं पायजे. मग एकबी आंबा नाय मिळाला तरी चालंल."

गोपाळनं उगाच छत्री मिटली आणि भिजत उभा राहिला.

धोंडूदादा खाली बसले. त्या काळ्या सालीकडे बघत होते. मग कुणाकडेही न बघता म्हणाले, "बाप भाजायचा तवा वाफा खाली होता. बांधाच्या पलीकडं. मी वर सरकवला. पानी जवळ पडतं म्हून." आणि परत, "महादू बोलला होता मला. दादा, झाडाला झळ लागतेय. मी म्हटलं, तुझं तू बघ." ते उठले आणि माझ्याकडे वळले. आवाज चढा होता, पण भांडणाचा नव्हता. "कधी येतोस तोडायला? माझी पन तोड. सगळ्या तोड. आनि नीट तोड, नायतर बघ!"

दिवाळीनंतर मी दोन गडी घेऊन गेलो. मोठी फांदी तोडण्याची एक रीत असते. आधी खालच्या बाजूनं करवतीनं खाच द्यायची, मग वरून कापायचं. नुसतं वरून कापलं तर फांदी कोसळताना खालची साल बुंध्यापर्यंत सोलत नेते. दोर बांधून तुकडे हळूहळू खाली सोडायचे. अख्खी वाडी तमाशा बघायला जमली होती. "खोबऱ्याची हजामत चाललीय!" कुणीतरी ओरडलं. एक म्हातारी तर रडायलाच लागली, "अरे मेल्यांनो, काय केलंत ह्ये!" महादेवाची फांदी खाली आली तेव्हा चिरलेल्या लाकडातून भिरुडीच्या अळ्या बाहेर पडल्या. पारूवहिनी पुढे झाली आणि एकेक वेचून दगडानं ठेचायला लागली. शेजारी बसून धोंडूदादाही ठेचू लागले.

मग मोरचूद आणि चुन्याचा मलम. दोन्ही वेगवेगळे भिजवून मातीच्या नाहीतर प्लास्टिकच्या भांड्यात एकत्र करायचे, लोखंडी घमेल्यात कधीच नाही. झालं की कोयत्याचं पातं त्यात बुडवून बघायचं. पात्यावर तांबूस छटा आली तर चुना कमी पडलाय. नाही आली तर लावा. त्या निळ्या मलमानं मी सगळ्या जखमा माखल्या. बुंध्यातल्या भोकांत रॉकेलचे बोळे घालून चिखलानं तोंडं लिंपली. खाली मुळांच्या टोकांशी, म्हणजे आधी फांद्यांची सावली जिथवर पडायची तिथे चर खणून शेणखत भरलं. बुंध्याशी खत घालून काही उपयोग नसतो, झाड जेवतं ते लांब पसरलेल्या मुळांच्या टोकांनी. लोक हीच चूक करतात. राबाचा वाफा धोंडूदादांनी त्याच आठवड्यात बांधाच्या पलीकडे नेला, मला न विचारता.

एवढं सगळं करून मी खाली उतरलो आणि मागे वळून बघितलं. अंगणाखाली एक बोडका, निळ्या टोकांचा खांब उभा. हे फुटलं नाही तर मी त्या डोंगरावर परत तोंड दाखवू शकणार नव्हतो.

शिमगा आला. फुटलं नव्हतं. कापड्याकडची एसटी आली की मी कंडक्टरला सहज विचारल्यासारखं विचारायचो, वरच्या वाडीची काही खबर? तो म्हणायचा, "तुमच्या खांबाची ना? तसाच हाय." चैत्र उजाडला. एक दिवस धोंडूदादा स्वतः नर्सरीत आले, घामाघूम, पायांत वहाणासुद्धा नाहीत. मला वाटलं आता ह्या माणसाचा मार खायचा.

"फुटला!" ते म्हणाले. "अरे बाबा, फुटला! तांबडेलाल कोंब! गोपाळाच्याला तर मोजता यायचे नाय इतके!"

मी त्यांना मिठीच मारली. बिडीचा वास, घामाचा वास, काही वाटलं नाही. मग मी विचारलं, "आणि महादेवाच्या जागी?"

"तिथं काय नाय."

पावसाळा सरल्यावर मी विरळणीला गेलो. धुमारे झुबक्यानं फुटतात, सगळे राखले तर एकमेकांचा जीव घेतात. बाहेरच्या अंगाला वळलेले चार-पाच ठेवायचे, बाकी काढायचे. मी धोंडूदादांचे आणि गोपाळचे धुमारे विरळ केले आणि मागच्या बाजूला आलो. महादेवाच्या जखमेला कडेनं साल चढायला लागली होती. आणि तिच्या खाली, बुंध्यावरच, एक कोंब होता. एकच. हातभर, बारीक, पण ताजा. कुणीतरी त्याला आधाराला बांबू बांधला होता, तोही सुंभानं असा करकचून की फासच बसावा.

"हे कुणी बांधलं?" मी ओरडलो. "मारायचाय का त्याला?"

"मी," धोंडूदादा म्हणाले. "वाऱ्यानं मोडंल म्हून. श्रावणात आलाय. महादूचा हाय."

मी सुंभ सोडला आणि मऊ चिंधीनं सैल बांधला. खरं सांगायचं तर बुंध्यावरचा कोंब आम्ही सहसा ठेवत नाही. पण तिथे जागा रिकामी होती, त्या अंगाला झाडाला तोल हवा होता, आणि मुख्य म्हणजे धोंडूदादा माझ्या मागे कोयता धरून उभे होते. माझी काय बिशाद तो कापायची!

पुढची वर्षं मी जाऊन-येऊन असायचो. धोंडूदादांच्या आणि गोपाळच्या फांद्या जोमानं वाढल्या. महादेवाचा कोंब मात्र उशिराचा, तो हळूहळू अंग धरत होता. शेवटी एका माघात झाड मोहरलं. मे महिन्यात आंबे उतरवायला मला बोलावलं. गोपाळ रजा काढून आला होता. खोबऱ्या धरला होता, भरपूर नाही म्हणता येणार, पण एका मोठ्या घराला पुरून उरेल इतका. तोही हाताला येईल अशा उंचीवर. मी वर चढलो, झेल्यानं, म्हणजे टोकाला जाळी बांधलेल्या काठीनं, एकेक फळ उतरवलं आणि खाली अंगणात पेंढ्यावर रास झाली. महादेवाच्या कोंबावर पानं होती, फळ नव्हतं. पारूवहिनी सकाळपासून पाणी भरत होती, चहा देत होती, राशीच्या जवळ काही येत नव्हती.

गोपाळनं मुंबईच्या सवयीनं पटापट हिशेब केला. आंबे उचलून दोन ढीग लावायला लागला. एक आपला, एक दादाचा.

धोंडूदादा ओसरीवर बसले होते. तिथूनच म्हणाले, "तीन लाव."

गोपाळ थांबला. "दादा, वहिनीची फांदी अजून कुठं धरलीय?"

"झाड धरलंय ना?" धोंडूदादा म्हणाले. "तीन लाव म्हटलं ना!"

गोपाळनं एकदा वर महादेवाच्या पानांकडे बघितलं, मग खाली वाकला आणि दोन्ही ढिगांतले आंबे काढून तिसरा लावायला लागला. मी झाडावरच होतो. उतरावंसंच वाटेना, डोळे पुसायला वरच बरं होतं.

पारूवहिनी कळशी खाली ठेवून हळूहळू आली. तिसऱ्या ढिगापुढे उकिडवी बसली. एक आंबा उचलला, हुंगला, ठेवला. दुसरा उचलला, उलटापालटा करून बघितला. तिसरा. मग तिनं मान वर केली आणि सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असा आवाज लावला, "गोपाळा, मेल्या! डागी सगळे माझ्याच वाट्यात कशे रे घातलेस? बदलून दे आदी!"